दुरून जडलेली निष्ठा

माणसाची निष्ठा जन्माने ठरते की निवडीने, हा प्रश्न धर्म, कुल आणि देश यांच्या संदर्भात आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. खेळाच्या मैदानाशी त्याचा काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु अलीकडे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी भाच्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला, आणि तेथे एका शनिवारी सकाळी हा जुनाच प्रश्न अगदी अनपेक्षित वेषात माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मामा, आमच्या शेजाऱ्यांचे देऊळ पाहायचे आहे का?" असे भाच्याने थट्टेने विचारले, आणि कडाक्याची थंडी असूनही मी उठून निघालो. शेजारी हे साठीच्या घरातले गृहस्थ. बंदरावरच्या धंद्यात त्यांची हयात गेलेली. ते आम्हांस एका पबमध्ये घेऊन गेले. सव्वासात वाजले होते. बाहेर नीटसे उजाडलेही नव्हते. आत वीस-पंचवीस माणसे तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घालून, हाती कॉफीचे पेले घेऊन, दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसली होती. इंग्लंडात त्या वेळी दुपारचे सव्वाबारा झाले होते आणि तेथील संडरलँड या संघाचा सामना थोड्याच वेळात सुरू व्हावयाचा होता. मंडळी एका सुरात गाऊ लागली. काकडआरतीस जमलेल्या माणसांच्या मुद्रेवर झोपमोडीची तक्रार नसते, उलट इतरांच्या आधी उठल्याचे एक शांत समाधान असते. तेच समाधान मला त्या चेहऱ्यांवर दिसले.

चौकशी करता कळले की, त्यांतील एकाचाही जन्म संडरलँडचा नव्हता. शेजाऱ्यांचे आजोबा पोलंडहून आलेले. इंग्लंडशी त्यांचे ना नाते, ना गोते. २०१३ साली जोझी आल्टिडोर हा अमेरिकन खेळाडू त्या संघात गेला, म्हणून कुतूहलाने त्यांनी सामने पाहावयास सुरुवात केली. या आल्टिडोरने तेथे लीग सामन्यांत अवघा एक गोल केला आणि २०१५ च्या आरंभी तो संघ सोडून गेला. ज्याच्यामुळे ओळख झाली तो गेला. ओळख मात्र राहिली. पुढे २०१७ साली संघ पहिल्या श्रेणीतून घसरला, २०१८ साली त्याहूनही खाली तिसऱ्या श्रेणीत गेला, चार वर्षे तेथेच रुतून राहिला आणि २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा वर आला. या आठ वर्षांत आमचे शेजारी त्याच्याबरोबर खाली उतरले आणि त्याच्याबरोबर वर चढले. प्रश्न असा की, या माणसाच्या निष्ठेला निष्ठा म्हणावे, की दूरच्या दिव्याचे नुसते आकर्षण म्हणावे?

हे एकट्यादुकट्याचे वेड असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हटले की अंडाकृती चेंडूचा त्यांचा स्वतःचा खेळ समजला जातो. आपल्या फुटबॉलला ते 'सॉकर' म्हणतात, आणि कैक वर्षे तो तेथे शाळकरी मुलांचा व परदेशातून आलेल्यांचा खेळ मानला जात असे. १९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेत झाली आणि ३५ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ती मैदानावर जाऊन पाहिली. १९९६ साली तेथे मेजर लीग सॉकर ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. परंतु अमेरिकन शौकिनांचा ओढा घरच्या संघांपेक्षा युरोपातील संघांकडे अधिक राहिला. २ ऑगस्ट २०१४ रोजी मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे मँचेस्टर युनायटेड आणि रिआल माद्रिद यांच्यात केवळ सरावाचा म्हणावा असा सामना झाला, तो पाहण्यास १,०९,३१८ माणसे आली होती. एनबीसी या वाहिनीने २०१३ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने दाखविण्यास प्रारंभ केला. पहिल्या तीन वर्षांसाठी सुमारे २५ कोटी डॉलर मोजले गेले, तर २०२२ पासूनच्या सहा वर्षांसाठी सुमारे २७० कोटी.

याची सोपी कारणे कोणीही सांगेल. दूरचित्रवाणी घरोघर पोचली. लहान मुले या संघांची नावे संगणकावरील खेळांतून शिकली. शिवाय युरोपातील दुपार म्हणजे अमेरिकेतील सकाळ, आणि त्या वेळी तेथील कोणताही मोठा खेळ चालू नसतो. ही कारणे खरी आहेत. परंतु वाट मोकळी असली म्हणजे माणूस चालू लागतोच असे नाही. आमच्या शेजाऱ्यांना घरातून बाहेर कशाने काढले, हे मला त्यांच्याच तोंडून कळले, आणि त्यातील निम्मा भाग कायद्याचा असल्यामुळे मला तो विशेष जवळचा वाटला.

अमेरिकेतील मोठ्या खेळांचा संघ हा कायद्याच्या दृष्टीने एक परवाना असतो. लीग ही मालकांची बंदिस्त मंडळी. तिच्यात ठरावीक संघ असतात, ते कितीही हरले तरी बाहेर पडत नाहीत आणि बाहेरचा कोणी कितीही जिंकला तरी आत येत नाही. मालकाला दुसऱ्या शहराने अधिक चांगले मैदान देऊ केले आणि इतर मालकांची आडकाठी नसली, तर तो आपला संघ उचलून तिकडे जाऊ शकतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉजर्स हा बेसबॉलचा संघ १९५७ च्या हंगामानंतर असाच लॉस एंजलिसला गेला.

बाल्टिमोरची गोष्ट याहून करुण आहे. तेथील कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ शहराच्या जिवाचा विसावा होता. १९५८ साली त्याने न्यूयॉर्कच्या संघास हरवून अजिंक्यपद मिळविले, तो सामना तिकडे अजून दंतकथेसारखा सांगतात. पुढे मालकाचे आणि शहराचे मैदानावरून बिनसले. संघ जाणार अशी कुणकुण लागताच, सार्वजनिक हितासाठी मालमत्ता सक्तीने संपादन करण्याचा जो अधिकार राज्यास असतो, तो या संघावर चालविता यावा म्हणून मेरीलँडच्या विधिमंडळात विधेयक आले. ते पाहून मालकाने २८ मार्च १९८४ च्या रात्री मालमोटारी बोलाविल्या, सारे सामान त्यांत भरले, आणि उजाडेपर्यंत कोल्ट्स इंडियानापोलिसच्या वाटेला लागले होते. बाल्टिमोर शहराने दावा लावला. परंतु संपादनाची कारवाई झाली तेव्हा संघ राज्याच्या हद्दीबाहेर गेलेला होता, या मुद्द्यावर १९८५ साली निकाल शहराविरुद्ध लागला. वकील म्हणून त्या निकालात मला दोष काढता येत नाही. जंगम मालमत्ता मालकाबरोबर जाते. परंतु त्या रात्री वीस वर्षांच्या एका तरुणाचे जे गेले, ते जंगम मालमत्तेच्या व्याख्येत बसत नव्हते. आणि जे व्याख्येत बसत नाही त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. "मी काही गमावले असे कायद्याला वाटतच नव्हते," असे शेजारी म्हणाले.

या कथेत एक तपशील असा आहे की, तो ऐकल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. कोल्ट्सचे एक वाजंत्री पथक होते, हौशी नागरिकांचे. संघ गेला, पण पथक मोडले नाही. ज्या संघासाठी वाजवायचे तो संघच शहरात नसताना ही माणसे बारा वर्षे गणवेश चढवून, मिरवणुकांतून आणि परक्या मैदानांवरून वाजवीत राहिली. गाभारा रिकामा असताना नगारखाना चालू ठेवणाऱ्या या माणसांना वेडे म्हणणारे म्हणोत. मला मात्र निष्ठेचा याहून निखळ नमुना सहसा आढळलेला नाही. १९९६ साली बाल्टिमोरला पुन्हा संघ मिळाला. कसा मिळाला? क्लीव्हलंड शहराचा संघ त्याच्या मालकाने तिकडून उचलून आणला तेव्हा! तडजोडीने संघाचे नाव, रंग आणि इतिहास तेवढे क्लीव्हलंडकडे राहिले. आमच्या शेजाऱ्यांना या नव्या संघाचा आनंद पूर्णपणे कधीच घेता आला नाही. "दुसऱ्याच्या घरातून काय आणले आहे, हे मला माहीत होते," असे ते म्हणाले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांची गाठ संडरलँडशी पडली.

इंग्लंडातील व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. तेथे श्रेणींची एक उतरंड आहे. वरच्या श्रेणीत तळाशी राहिलेले संघ खाली जातात, खालच्या श्रेणीत वर आलेले संघ वर चढतात. पैशाचे बळ तेथेही आहे. परंतु पराभवाची शिक्षा कोणाला चुकत नाही आणि लहान गावालाही दार निदान कायद्याने बंद नसते. शिवाय संघ आणि गाव यांची गाठ सहसा सुटत नाही. संडरलँड हे जहाजे बांधणारे आणि कोळसा काढणारे शहर. १९८८ साली तेथील जहाजबांधणी संपली, १९९३ साली वेअरमाउथची खाण बंद पडली, आणि त्याच खाणीच्या जागेवर १९९७ साली संघाचे नवे मैदान उभे राहिले. आजोबा जेथे खाली उतरत, तेथे नातू आरोळ्या ठोकावयास जातो. संघ तिसऱ्या श्रेणीत गेला त्या पहिल्या हंगामातही घरच्या सामन्यांस सरासरी ३० हजारांहून अधिक माणसे येत होती. बाल्टिमोरचा स्पॅरोज पॉइंटचा पोलाद कारखाना २०१२ साली बंद पडला. तेथील माणसाला हे शहर परके वाटले नाही, यात नवल ते काय? जे आपल्या घरी मालमोटारीत भरून नेले गेले, ते दुसऱ्याच्या घरी जागच्या जागी असलेले त्याने पाहिले.

आता संडरलँडचा एखादा जन्मजात चाहता काय म्हणेल? तो म्हणेल, "तुमचे प्रेम हौसेचे आहे. आम्हांला निवड नव्हती. हरल्यानंतर पावसात भिजत घरी आम्ही चालत जातो. तुम्ही कळ दाबून पडदा बंद करता." या आक्षेपात तथ्य आहे. तथापि तो पूर्ण मान्य केला, तर जन्म या योगायोगाला पुण्याची किंमत दिल्यासारखे होईल. ज्या गोष्टीत आपले कर्तृत्व नाही, तिचा अभिमान धरता येतो. तिचे श्रेय मात्र घेता येत नाही. आपल्या परंपरेने हा पेच फार पूर्वीच सोडविला आहे. कुलदैवत जन्माने मिळते आणि इष्टदैवत माणूस निवडतो. एकामुळे दुसरे खोटे ठरते, असे कोणी मानले नाही. आणि अंतराविषयी म्हणाल, तर ज्यांची कुलदैवते गोमंतकात आणि बिऱ्हाडे कर्नाटकात, केरळात किंवा मुंबईत आहेत, अशी कुटुंबे आपल्या समाजात शेकड्यांनी आहेत. योजने मोजून निष्ठेचे माप ठरत असते, तर आपल्यापैकी पुष्कळांना गप्प बसावे लागेल.

म्हणून निवडलेल्या निष्ठेची कसोटी अंतरात नाही, काळात आहे. नुकत्याच जिंकलेल्या संघाचा सदरा विकत घेणारा आणि तो हरू लागताच दुसरा घेणारा माणूस ग्राहक आहे. त्यात पाप नाही, पण त्यास निष्ठा म्हणू नये. आमचे शेजारी २०१९ साली आयुष्यात एकदाच संडरलँडला गेले, ते संघ तिसऱ्या श्रेणीत असताना. या एका गोष्टीवर मी त्यांच्या बाजूने निकाल देईन.

येथवर प्रकरण सरळ होते. अवघड भाग यापुढे आहे.

ज्या देशातून हा प्रेमळ चाहता युरोपकडे पाहू लागला, त्याच देशातून भांडवलही तिकडे गेले. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला, आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा खुद्द क्लबवरच टाकला. २०१० साली लिव्हरपूल हा बोस्टनच्या बेसबॉल संघाच्या मालकांकडे गेला. १८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंड, स्पेन आणि इटली येथील १२ श्रीमंत क्लबांनी 'सुपर लीग' जाहीर केली. तीत संस्थापक संघांच्या जागा कायमच्या राखीव राहणार होत्या. म्हणजे, बाल्टिमोरच्या माणसाने ज्या बंदिस्त वाड्यातून बाहेर पाऊल टाकले, तोच वाडा त्याच्या मागोमाग समुद्र ओलांडून आला! इंग्लंडातील चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. पुढे स्पेनच्या ला लीगाने व्हिलारिआल आणि बार्सिलोना यांचा २० डिसेंबर २०२५ चा सामना अमेरिकेत मायामी येथे खेळविण्याचे ठरविले. हा सराव नव्हता; ज्याच्या निकालाने अजिंक्यपद ठरते असा लीगचा सामना होता, आणि तो व्हिलारिआलच्या घरचा होता. पन्नास हजार वस्तीच्या त्या गावाच्या वाट्याचा तो सामना हजारो मैलांवर जाणार होता. स्पेनमधील खेळाडूंनी सामन्याच्या आरंभी काही क्षण स्तब्ध उभे राहून निषेध केला आणि ऑक्टोबरमध्ये बेत रद्द झाला.

या साऱ्या उद्योगांचे समर्थन कोणाच्या नावे केले गेले? "जगभर पसरलेल्या आमच्या चाहत्यांसाठी", म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या नावे. वकिलाला सुचणारा पहिला प्रश्न असा की, ज्याच्या नावाने तुम्ही बोलता त्याने तुम्हांस वकीलपत्र दिले आहे काय? ते त्याने दिलेले नसते. परंतु एवढ्याने त्याची सुटका होते, असे मला वाटत नाही. त्याच्या पहाटेच्या जागरणाची बेरीज होऊनच ते २७० कोटी डॉलर झाले. त्या पैशाने संघ महाग होतात, दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामन्यांच्या वेळा बदलतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या मैदानाजवळ राहणारा माणूस हळूहळू मैदानाबाहेर लोटला जातो. निरागस प्रेमाने प्रिय वस्तूचेच नुकसान होत असेल, तर प्रेम करणाऱ्यावर दोष येतो काय?

माझे मत असे: नकळत झालेल्या परिणामाचा दोष नाही, परंतु परिणाम कळल्यानंतर नकळतपणाचा बचाव शिल्लक राहत नाही. त्या क्षणापासून प्रेम हे कर्तव्य होते. आणि दूरस्थ प्रेमाचे पहिले कर्तव्य हे की, जे आवडले ते जेथे आहे तेथे राहू द्यावे. आपण त्याच्याकडे जावे, त्याला आपल्याकडे ओढून आणू नये. उत्सवमूर्ती पालखीत बसून गावोगाव जाते आणि सर्वांना दर्शन देते. ॲन आर्बरचा सामना तसा होता. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मूळ मूर्ती मात्र आपल्या आसनावरून हलत नाही. मायामीचा बेत मूळ मूर्ती हलविण्याचा होता. कोणी म्हणेल, सोळाव्या शतकात आपले पूर्वजही देव घेऊन नदीपार गेले होते. होय, पण ते देव वाचविण्यासाठी नेले, नेणारे स्वतः भक्त होते, आणि नेताना त्यांनी आपली घरेदारे मागे टाकली. देव हलला की नाही याइतकेच, तो कोणी आणि कशासाठी हलविला, हेही विचारावे लागते.

परका माणूस मालक होऊच नये, असेही मी म्हणणार नाही. वेल्समधील रेक्सम हा १८६४ साली स्थापन झालेला क्लब २०११ पासून चाहत्यांच्या न्यासाच्या हाती होता. २०२० साली फिलाडेल्फियाचे रॉब मॅकएल्हेनी आणि कॅनडात जन्मलेले रायन रेनॉल्ड्स या दोन नटांनी तो मागितला. न्यासाच्या सभासदांनी मतदान केले; अनुकूल मते १,८०९, प्रतिकूल २६. पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे त्या संघाने वरची श्रेणी गाठली. हे यश मला दुय्यम वाटते. मुख्य गोष्ट ही की, त्यांनी आधी घरच्यांना विचारले. मालकीहक्क विकत घेता येतो. विश्वस्तपण कोणीतरी सोपवावे लागते.

हे सारे परक्यांचे प्रकरण म्हणून सोडून द्यावे, तर तशीही सोय नाही. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोमंतकातील तीन नामांकित संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. भारतीय फुटबॉलची जी नवी रचना त्या वेळी पुढे आली होती, तीत परवान्यांवर उभी असलेली बंदिस्त स्पर्धा सर्वांच्या वर बसणार होती. तिच्याविरुद्ध तो निषेध होता. त्या दिवसांत मी काय करीत होतो, असे कोणी विचारले तर मला खाली मान घालावी लागेल. मी रात्री जागून माद्रिदचे सामने पाहत होतो. माझ्या गावच्या मैदानावर मी शेवटचा कधी गेलो, हे मला आज आठवत नाही. दूरच्या देवाची भक्ती करता करता घरच्या देवाची दिवाबत्ती राहून गेली, असे माझे झाले आहे; आणि अशी माणसे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. बाल्टिमोरच्या माणसाला निदान एवढे म्हणता येते की, त्याचे घरचे कोणीतरी चोरून नेले. आम्ही मात्र ते आमच्या डोळ्यांदेखत ओस पडू दिले.

त्या शनिवारी संध्याकाळी मी शेजाऱ्यांना एक वकिली प्रश्न विचारला. उद्या संडरलँडचा लीग सामना बाल्टिमोरमध्ये ठेवला, तर आपण काय कराल? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बहुधा तिकीट काढीन, आणि जन्मभर मला त्याची लाज वाटेल. म्हणून त्यांनी तो येथे ठेवू नये, अशीच माझी प्रार्थना आहे."

उलटतपासणीत इतके प्रामाणिक उत्तर मला फार थोड्या वेळा मिळाले आहे. आपल्या प्रेमात लोभाचा अंश किती आहे, हे ज्यास ठाऊक आहे, त्याची निष्ठा मी खरी मानतो. मग तो खाणीच्या तोंडाशी जन्मलेला असो, वा समुद्रापलीकडे.